उजवा हात मोकळा

कुताइसीच्या रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर,
मंगळवार, गुरुवार, शनिवार
आम्ही चौघं रक्त धुऊन घेतो.
चार तास. डावा हात यंत्राला जोडलेला,
उजवा मोकळा.
पाणी मोजून. अक्रोडाला मनाई.
अंगणातली पर्सिमनं पिकली, पाखरांनी खाल्ली,
आम्ही खिडकीतून पाहिली.
पुस्तकाला तेवढं पथ्य नाही.

पण पुस्तकाला वजन असतं.
त्सियालानं आणलेली ती कादंबरी,
मिठाच्या एका व्यापाऱ्याचं अख्खं आयुष्य, नऊशे पानं,
एका हाताला पाच मिनिटंही पेलेना.
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.
मी बाइंडर. एकेचाळीस वर्षं
या शहराच्या फाटक्या पुस्तकांना टाके घातले.
सरस, दोरा, पाठीला मलमल.
बुधवारी रात्री स्वयंपाकघराचं दार लावून
एका धडधाकट पुस्तकाचे
पाच तुकडे केले.
पाठ चिरताना आवाज झाला तो कसा होता
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पहिला तुकडा अर्थातच त्सियालाकडे.
भूगोलाची बाई ती,
समासात पेन्सिलीनं नद्या काढत वाचणार.
ओटियाला कुठला धीर!
आयुष्यभर मार्श्रुत्का चालवलेली,
थांब्यावर उभं राहणं म्हणजे त्याला अपमान.
त्यानं पाचवाच उचलला,
मग चौथा, मग तिसरा.

"म्हातारा गेला," एका शनिवारी त्यानं जाहीर केलं.
"सांगू नकोस!" त्सियाला ओरडली.
पुढच्या आठवड्यात: "आता बायकोशी बोलत नाहीये."
बोंडो, वय सव्वीस,
मी पुस्तकं वाचत नाही हे ज्याचं रोजचं रामराम,
कानातलं काढून विचारतो, "का बोलत नाही?"
"ते अजून यायचंय," ओटिया म्हणाला,
"म्हणजे, होऊन गेलंय."
आणि महिनाभरानं, हळूच:
"लग्न झालं रे त्याचं. हसतोय बघ. मूर्ख."

शिफारशीची आमची एक बोलीच झाली.
हे घे, हलकं आहे.
हे घे, यात कुणी आजारी पडत नाही.
हे नको, पानोपानी मेजवान्या.
हे पायात गोळे येतात तेव्हाचं.
मक्वाला सिस्टर सुई टोचताना विचारते, "आज किती?"
आम्ही रक्तदाबाच्या आधी
पान सांगतो.

फेब्रुवारीत त्सियालाची खुर्ची
दोन वेळा रिकामी राहिली.
तिसऱ्या वेळी मक्वालानं चादर बदलली.

ओटियाचा दुसरा तुकडा वाचून झाला होता.
तोच परत वाचत बसला, दोन आठवडे,
इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीसारखा.
बोंडोनं विचारलं नाही. मीही नाही.

मग तिची लेक आली,
दुधाच्या पिशवीत पहिला तुकडा घेऊन.
कडा मऊ पडलेल्या, रिओनी नदी
तीन पानांवरून वळत गेलेली.
अकराव्या पानाच्या समासात, बारीक अक्षरात:
ओटिया, इथे ब्रेक मार.

मला अजून सुईत दोरा ओवता येतो.
पाच तुकडे जोडायचे, एका रात्रीचं काम.
ओवला नाही.
बोंडोच्या खिशात तिसरा आहे,
तो म्हणतो, चुकून राहिला.

काल गुरुवार. ओटियानं पान उघडलं
आणि अकरावर थांबला.
एक तास. दोन. ओठ हलत होते,
शाळेतल्या पोरासारखं बोट ओळीखाली.
यंत्र वाजलं. मक्वाला
नळी सोडवायला वाकली.
"थांब जरा," तो म्हणाला,
"आत्ताच जन्मलाय."